पानपिंपळीच्या मुलुखांत

नाशिककडील द्राक्षमळ्यांत जाऊन दोन दिवस स्वस्थ राहण्याची रीत अलीकडे शहरी मंडळींत बरीच रूढ झाली आहे. ज्यांना ती मानवते त्यांनीं ती अवश्य पाळावी. मला वेलींचा दुसरा एक मुलूख ठाऊक होता, आणि गेल्या माघांत मी एकटाच तिकडे गेलों. अकोला जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेलें हिवरखेड हें तें ठिकाण होय.

एकत्र कुटुंबांत एकट्यानें प्रवासास निघणें तसें सोपें नव्हे. देवदर्शन, लग्नकार्य किंवा कोर्टाचें काम यांपैकीं एकही निमित्त नसेल, तर वडील मंडळींस प्रकृतीची शंका येते आणि बायकांस भांडणाची. "सहज जातों" हें उत्तर आमच्या घरीं कोणासच पटलें नाहीं.

वऱ्हाडांत या नांवाचें दुसरेंही गांव आहे. तें मोर्शी तालुक्यांत, संत्र्यांच्या बागांत. हें तेल्हारा तालुक्यांतलें. पूर्वीं अकोल्याहून खांडव्यास जाणारी मीटर गेजची गाडी येथें थांबे. पुढें धूळघाटापाशीं ती पूर्ण वेढा घेऊन स्वतःच्याच वाटेवरून डोंगर चढे आणि मेळघाटाच्या रानांतून सावकाश पलीकडे जाई. १ जानेवारी २०१७ पासून ती बंद झाली. अकोला-अकोट रुंद मार्गावर २०२२ मध्यें गाडी सुरू झाली, आणि त्यापुढील मार्ग व्याघ्रप्रकल्प टाळून हिवरखेडावरून वळविण्याचें ठरलें. मी अकोटहून एस. टी. नें गेलों.

या भागाची सारी कथा पाण्याची आहे. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा पसरलेला. तेथील विहिरींचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. डोंगराच्या कडेला मात्र गोड्या पाण्याची चिंचोळी पट्टी आहे. अंजनगांव, अकोट, तेल्हारा या बाजूचे नागवेलीचे व पानपिंपळीचे मळे तिच्याच आधारानें उभे राहिले, आणि बारी समाजानें ते पिढ्यान्‌पिढ्या राखले.

"पायतन भाईरच ठेवा, भाऊ," मळ्याच्या तोंडाशीं म्हाताऱ्या मालकांनीं सांगितलें. वेल देवासारखी, तिच्याजवळ अनवाणीच जावयाचें. चार पावलें आंत गेलों तों बाहेरचें ऊन एकदम निमालें. शेवऱ्यांच्या दाट रांगा, त्यांच्या अंगावर चढलेली पिंपळी, पायांखालीं गार ओल. नागवेल, मिरी व पिंपळी हीं एकाच कुळांतलीं. म्हणून पान पाहून नवखा माणूस फसतो. फळ मात्र तुतीसारखें, बोटाच्या पेरापेक्षां फारसें मोठें नाहीं. तीं सारीं एकदम तयार होत नाहींत. काळपट हिरवें झालेलें तेवढेंच खुडावयाचें, बाकीचें ठेवून कांहीं दिवसांनीं पुन्हां त्याच रांगेंत यावयाचें, मग चार-पांच दिवस उन्हांत वाळवावयाचें. मी दोन-तीनदां घड्याळाकडे पाहिलेलें त्यांच्या दृष्टीस आलें असावें. "बसा ना जी, घाई काहून करता?" असें म्हणून त्यांनीं गोणपाट पसरलें. तेथें मी किती वेळ बसलों हें आज सांगतां येणार नाहीं. फळें खुडणाऱ्या बाया अधूनमधून बोलत, मध्येंच एखादें पाखरूं ओरडे, आणि कांहीं एक केलें पाहिजे ही टोंचणी हळूहळू निवत गेली. अर्थात्‌ तेथें विसांवा होता तो एकट्या मलाच. त्या बाया सकाळपासून वांकून होत्या.

आपल्या घरांत सुंठ, मिरी व पिंपळी मिळून त्रिकटु होतें हें मुलांनाही ठाऊक असतें. परंतु वैद्य लोक चौसष्टप्रहरी पिंपळी करतात, ती चौसष्ट प्रहर, म्हणजे आठ अहोरात्र, खलांत घोटलेली असते. मळ्यांत बसल्यावर त्या आठ दिवसांचें मला विशेष नवल वाटेनासें झालें.

दुसऱ्या दिवशीं जवळच्या अडगांवास गेलों. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं जनरल वेलस्लीनें भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला तो या परिसरांत. लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली आणि रात्रीं चांदण्यांत पाठलाग चालला होता. १५ डिसेंबरास गाविलगड पडला, १७ तारखेस देवगांवचा तह झाला. अठरा दिवसांत वर्धा नदीच्या पश्चिमेचा सारा प्रांत भोसल्यांच्या हातून गेला. आज त्या मैदानावर कपाशी व हरभरा दिसतो. मी बांधावर बसून ओला हरभरा खाल्ला आणि पुढील एस. टी. मुद्दाम जाऊं दिली.

निघण्यापूर्वीं म्हाताऱ्यांचा पुन्हां निरोप घेतला. मुलगा अकोल्यास नोकरीला आहे. खुडावयास माणसें मिळत नाहींत. विहिरीनें तळ गांठल्यावर बोअर घेतली, तिचेंही पाणी उन्हाळ्यांत ओढ खातें. "औंदा पानी पाहून ठरवू," ते म्हणाले, आणि वाळत घातलेली पिंपळी हातानें परतूं लागले. मूठभर मला दिली. ती आमच्या आजींनीं डब्यांत भरून ठेवली आहे.