चिपळूण ते दुबई व्हाया अनारसे

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी दुबईला जाऊन आले आणि तेव्हापासून हॉस्टेलमध्ये मी जणू ट्रॅव्हल एजन्सीच उघडली आहे. "व्हिसाला किती दिवस लागतात गं?", "तिथे जीन्स चालते का?", "सोनं खरंच स्वस्त असतं?" परवा तर मेसचे काका पोळी वाढता वाढता थांबले आणि हळूच म्हणाले, "ताई, जेवण झालं की जरा बोलायचं होतं." तेव्हा ठरवलं, प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा मॅगझिनमध्येच लिहून टाकावं. मी कॉन्व्हेंटची असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची!

आधीच कबूल करते, बुर्ज खलिफाच्या वरून दुबई कशी दिसते ते मला माहीत नाही. माझे बाबा 2008 पासून तिथे एसी मेकॅनिक आहेत. मी तीन वर्षांची असताना ते गेले. दर दोन वर्षांनी ते महिनाभर चिपळूणला येतात, पण आमच्यापैकी कोणी तिकडे गेलं नव्हतं. मी पहिली. त्यामुळे खाली आहे ती माहिती थोडी माझी आणि बरीचशी बाबांची.

सुरुवात व्हिसापासून. "दुबईला काय, उतरल्यावर मिळतो व्हिसा" असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. त्याचं ऐकू नका. अमेरिकेचा वगैरे व्हिसा पासपोर्टवर असेल त्यांना तो मिळतो. आपल्यासारख्यांनी घरूनच काढून न्यायचा, 30 किंवा 60 दिवसांचा. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी, परतीचं तिकीट हवं आणि राहणार कुठे त्याचा पुरावा हवा. मी शारजाला बाबांच्या चुलत बहिणीकडे उतरणार होते, म्हणून आत्याने तिच्या फ्लॅटच्या कराराची कॉपी पाठवली होती. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला 50 दिरहॅम दंड. एक दिरहॅम म्हणजे मी गेले तेव्हा साधारण 24 रुपये होते, तुम्हीच हिशोब करा. आणि एक गोष्ट, जी माझ्या रूममेटला ऐकून धक्का बसला. तिच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे. नोव्हेंबर 2022 पासून नुसतं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर तिथे व्हिजिट व्हिसाने प्रवेश मिळत नाही. दुसऱ्या पानावर वडिलांचं नाव असेल तर चालतं. तिकीट काढायच्या आधी पासपोर्ट उघडून बघा.

आता बॅग. इथे खरी गंमत झाली.

बाबा कितीतरी दिवाळ्या घरी नव्हते. त्यामुळे आईने फराळाचा कारखानाच काढला होता. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवून, कांडून, गूळ घालून पीठ मुरवून ठेवलेलं. बाबांना चकली-चिवड्याचं काही नसतं, त्यांना अनारसे लागतात. आईने मोजून चोवीस केले. "तुझे बाबा धरून खोलीवर चार जण आहेत. प्रत्येकी सहा," तिचा हिशोब. जाळी तर अशी पडली होती की बघत राहावं. निघायच्या आदल्या दिवशी आत्याचा फोन. "वहिनी, काय काय पाठवताय?" आईने यादी वाचली. अनारसे म्हटल्याबरोबर आत्या पलीकडून ओरडली, "खसखस आहे ना त्याच्यावर? काढा! आधी बॅगेतून काढा!"

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ती वाण्याकडे मसाल्याच्या बरणीशेजारी असते. संयुक्त अरब अमिरातीत मात्र ती अमली पदार्थांत मोडते. सौदी आणि कतारमध्येही तेच. चिमूटभर सापडली तरी तुरुंगाची पाळी येऊ शकते. "घरचं खाणं आहे हो" हे कारण तिथे चालत नाही. मसाल्याच्या पुड्या, मिठाई, कशात खसखस आहे ते बघून मगच बॅग भरा. विड्याची पानंसुद्धा चालत नाहीत. आईने लक्ष्मीपूजनासाठी म्हणून पाच पानं ओल्या फडक्यात बांधून दिली होती, तीही काढली. औषधांचं तर फारच सांभाळा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी नुसती डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून नेता येत नाही, तिथल्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते.

आई पाच मिनिटं काही बोलली नाही. मग पिठाचा उरलेला गोळा बाहेर काढला, पांढरे तीळ परातीत पसरले आणि रात्री साडेदहाला पुन्हा कढई चढवली. तिळाचे चोवीस.

मुंबईहून शारजा तीन तासांत येतं. घड्याळ दीड तास मागे करायचं. ऑक्टोबर असूनही बाहेर पडल्यावर प्रेशर कुकरचं झाकण उघडल्यासारखी वाफ अंगावर आली. फिरायलाच जायचं तर नोव्हेंबर ते मार्च जा. जून ते सप्टेंबर स्वस्त पॅकेज कोणी देत असेल तर ते स्वस्त का आहे ते समजून घ्या. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग लागतो, ॲडॉप्टर इथूनच न्या.

पोचल्यावर मी आईला व्हॉट्सॲप कॉल लावला. लागेना. मेसेज जातात, फोटो जातात, पण कॉल तिथे बंद आहेत. बोटिम नावाचं ॲप चालतं. ते आईच्या फोनवर कित्येक वर्षं आहे, मला मात्र आपल्याकडे साधा व्हॉट्सॲप असताना आई हे वेगळंच काय वापरते असं वाटायचं! व्हीपीएनचा शहाणपणा तिथे करू नका, महागात पडेल.

शारजात दारू पूर्ण बंद, आणि शुक्रवार-शनिवार-रविवार अशी तीन दिवस सरकारी सुट्टी. दुबईत शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. हे सगळं 2022 पासून. जीन्स चालते. खांदे-गुडघे झाकलेले असले की कोणी वळून बघत नाही, मशिदीत जायचं तर डोकंही झाकायचं. रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाऊ-पिऊ नये. आणि अनोळखी माणसांचे फोटो काढू नका, तो तिथे गुन्हा आहे. मला हे बाबांचं बोलणं खाऊन कळलं.

आत्येभाऊ मला स्टेडियम स्टेशनला सोडायचा, कारण शारजा-दुबई रस्त्यावरच्या ट्रॅफिकपुढे आपलं पुणेसुद्धा बरं. मेट्रोला ड्रायव्हर नाही. 9 सप्टेंबर 2009 ला सुरू झाली, म्हणजे बाबा तिच्या आधीचे! नोल कार्ड घ्यायचं. अंतराप्रमाणे 3, 5 किंवा साडेसात दिरहॅम. बायका-मुलांचा डबा वेगळा आहे. आत खाणं, पिणं, च्युइंगम काही नाही, नाहीतर 100 दिरहॅम दंड. पहिल्या दिवशी मी बाटली तोंडाला लावणार तेवढ्यात शेजारच्या फिलिपिनो ताईने माझा हातच धरला.

अल रास स्टेशनला उतरून खाडीवर यायचं आणि तिथून अब्रा पकडायची. अब्रा म्हणजे लाकडी होडी, आपल्या दाभोळच्या तरीची आठवण यावी अशी. मधल्या फळीवर पाठीला पाठ लावून सगळे बसतात, कठडा नाही, भाडं 1 दिरहॅम, रोख नावाड्याच्या हातात. मला कोणी विचारलं दुबईत काय बघू, तर मी हेच सांगते. पलीकडे बर दुबईच्या धक्क्यावर बाबा उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. घरी असताना ते कधी इस्त्रीचा शर्ट घालत नाहीत.

त्यांनी मला कडक चहा पाजला. तिथे त्याचं नाव 'करक', आपला कडकच, वेलची आणि दूध जास्त. जुन्या शिवमंदिराची गल्ली दाखवली. मंदिर स्वतः जानेवारी 2024 मध्ये जबल अलीच्या नव्या देवळात हललं. "आता तिथे जायला सुट्टीच लागते," बाबा म्हणाले. संध्याकाळी बुर्ज खलिफाच्या खाली गेलो. 828 मीटर, 163 मजले, मान दुखते. वर जायचं तिकीट दीडशे दिरहॅमच्या पुढे. मी म्हटलं, माझ्याकडे पैसे आहेत, जाऊया. बाबा हसले. "मी रोज कुठल्या तरी गच्चीवरूनच दुबई बघतो की."

गच्चीचं त्यांच्याकडून ऐकण्यासारखं आहे. आपण आरएसीच्या पेपरात लिहितो की बाहेरचं तापमान वाढलं की सीओपी पडतो. जुलैत तिथे पारा 45 च्या वर असतो. कंडेन्सरने उष्णता टाकायची कुठे? वर कॉइलमध्ये वाळू भरलेली, ती धुवायला माणूस गच्चीवरच जायला हवा. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम कायद्याने बंद असतं. "आणि तीननंतर?" मी विचारलं. "तीननंतर चढायचं," ते म्हणाले.

मग त्यांच्या बिल्डिंगपाशी आलो. इथे एक शब्द समजून घ्या. तिकडे कुटुंबाशिवाय राहणाऱ्या पुरुषाला 'बॅचलर' म्हणतात. लग्न झालेलं असो, दोन मुलं असोत, खोलीच्या पाटीवर तो बॅचलरच. तो खोली नाही, 'बेड स्पेस' भाड्याने घेतो, म्हणजे दुमजली खाटेचा एक मजला. बाबा म्हणाले, "तू खालीच थांब. वर पोरं असतात." मी खाली थांबले. भिंतीवर एसीच्या डब्यांची रांग होती. बाबांनी बोटाने दाखवलं, "तिसरा मजला, डावीकडून दुसरा. तो मीच नीट केला."

अनारशांचा डबा घेऊन ते वर गेले. दहा मिनिटांनी त्यांच्यामागून एक केरळचे काका खाली आले, खास मला भेटायला. म्हणाले, "बेटा, मम्मी को बोलना, बहुत अच्छा मिठाई. हम आठ लोग को तीन-तीन मिला."

चोवीस भागिले आठ. तीन. मी बाबांकडे बघितलं. ते रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचत होते.

परत अब्रात बसल्यावर ते म्हणाले, "मधे भाडं वाढलं. आईला सांगू नकोस." थोड्या वेळाने म्हणाले, "तीळ आहेत ना त्याच्यावर? चांगले लागतात." मी काहीच बोलले नाही. माझ्या शाळेची बारा वर्षांची फी त्या तिसऱ्या मजल्यावरून आली आहे, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि खाली उभं राहून वर बघणं...

तर मेसचे काका. त्यांचा मुलगा आयटीआय फिटर आहे. एका एजंटने त्याच्याकडे दीड लाख मागितलेत. "व्हिसा आला" म्हणून जो कागद दिला, तो काकांनी मला दाखवला. 60 दिवसांचा टुरिस्ट व्हिसा! "तिथे गेल्यावर बदलून मिळतो म्हणतात." मी कागदाचा फोटो बाबांना पाठवला. रात्री बोटिमवर बाबांचा फोन आला, आणि इतक्या वर्षांत माझ्याशी बोलले नसतील इतकं ते काकांशी बोलले. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पकडल्यावर मालकाला दंड होतो, पण परत पाठवतात ते कामगाराला. आधी ऑफर लेटर आणि नोकरीचा परवाना हातात घ्यायचा. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेटवर बघायचं. नोंदलेल्या एजंटलाही 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, त्यांना कामासाठी जाताना भारत सरकारची वेगळी मंजुरी लागते. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं तिथल्या कायद्याने चालत नाही. "माझा तीन वर्षं त्यांच्याकडे होता," बाबा म्हणाले. हे मी पहिल्यांदाच ऐकलं. अडचण आली तर भारतीय वकिलातीच्या मदत केंद्राचा नंबर 800 46342, तिथे फुकट लागतो. काकांनी तो मेसच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलाय. मुलाचं अजून ठरत नाही. एजंट रोज फोन करतो.

मी परत आले तेव्हा बाबांनी डबा रिकामा दिला नव्हता. खजूर, बदाम आणि आईसाठी टायगर बामच्या सहा बाटल्या. आईने डबा घासायला टाकताना विचारलं, "पुरले का गं सगळ्यांना?"

"पुरले," मी म्हटलं.

यंदा पीठ भिजवायच्या आधी मी तिला अठ्ठेचाळीस करायला सांगणार आहे. तोपर्यंत हा अंक चिपळूणला पोचला नाही म्हणजे मिळवली.