पाय गरम झाले का?

२ मे २०२५, शुक्रवार

हापूस उतरायला लागला की आढ्या लागतात, आढ्यांना पेंढा लागतो, आणि पेंढ्यात लाल विंचू बसलेला असतो. आज दुपारी पावसकडच्या एका बागेतला नेपाळी गडी आला. अंगठ्याला डंख. असा ओरडत होता की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून दाराशी आली. मला मात्र हायसं वाटलं. अंग कोरडं, तळपाय ऊबदार, उलटी नाही, नाडी जागेवर. ज्याला नुसतंच दुखतं, त्याचं बहुधा निभावतं. ज्याला दुखण्याचं फारसं भान नाही, पण जो घामानं निथळतो, ओकतो आणि हातापायांनी गारठत जातो, त्याच्याकडे धावायचं. अंगठ्याच्या मुळाशी बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं, तसा पाच मिनिटांत शांत झाला आणि मुकादमाला फोन लावून आज किती पेट्या भरल्या ते विचारू लागला. रात्रभर नजरेखाली ठेवलाय.

८ मे, गुरुवार. खरं तर शुक्रवारची पहाट

लांज्याच्या बाजूचा नऊ वर्षांचा मुलगा. संध्याकाळी पडवीतल्या सरपणाशी पायाला विंचू चावला. आधी गावातल्या एका म्हाताऱ्याकडे विंचू उतरवायला नेलं, चिंचोका घासून लावला. दुखणं कमी झालं, म्हणून सगळे निश्चिंत. मग ओकाऱ्या, कपडे पिळावेत इतका घाम, आणि दहाच्या सुमारास धाप. १०८ नं आणला तेव्हा ओठ निळसर, तोंडाशी गुलाबी फेस, ऑक्सिजनचं सॅच्युरेशन सत्तरीत. पाय गुडघ्यापर्यंत गार.

म्हाताऱ्यावर मी चिडत नाही. विषाची पहिली लाट ओसरताना दुखणं खरंच उतरतं, मंत्र म्हणा किंवा न म्हणा. त्या उताराच्या मागे दुसरी लाट येत असते, ती त्याला दिसत नाही, एवढंच.

लाल विंचवाचं विष चेतापेशींवरच्या सोडियमच्या वाटा मिटू देत नाही. त्यामुळे शरीराच्या स्वयंचलित चेतासंस्थेत वादळ उठतं. सुरुवातीला लाळ, घाम, ओकाऱ्या, मंद नाडी. मग ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर. सगळीकडच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आणि हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांच्या विरुद्ध रक्त ढकलावं लागतं. ते थकतं. रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. मूल आपल्याच पाण्यात बुडायला लागतं.

बसता ठेवूनच दाबानं हवा देणारा बायपॅपचा मास्क लावला. त्याला तो नको होता, दोन्ही हातांनी ओढत होता. आमच्या सिस्टरनं मास्क हातानं धरून ठेवला आणि त्याच्याशी म्हशींबद्दल बोलत राहिली (घरी दोन आहेत, एक मारकी). इको केला: हृदयाचा डावा कप्पा जेमतेम हलत होता. हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन सुरू केलं, रक्तदाब पुरेसा होता म्हणून नायट्रोग्लिसरीनही थेंबाथेंबानं. आणि प्राझोसिन. वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे याला पाऊण गोळीच्या आत. इतक्या यंत्रांच्या गराड्यात ती चिमटीएवढी गोळी बघून मुलाचे काका म्हणाले, "मॅडम, हीच एक?" हीच. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हृदयावरचं ओझं उतरतं. दर तीन तासांनी, पाय गरम होईपर्यंत.

९ मे, शुक्रवार

काकांनी सकाळी विचारलं, कोल्हापूरला हलवू का. प्रश्न रास्त होता. पण आंबा घाटाची वळणं, रुग्णवाहिकेतला सिलिंडर आणि मास्कवर टिकलेलं मूल, हे गणित मला मांडवेना. तिथे जे करतील ते इथे चालू आहे, असं सांगितलं. हलवू नका असं नातेवाइकांना सांगणं ही आमच्या कामातली सगळ्यांत वजनदार गोष्ट आहे. हलवा म्हणणं त्या मानानं सोपं असतं.

दिवसभर दर अर्ध्या तासाला बोटाच्या टोकावर दाबून रंग परत यायला किती सेकंद लागतात ते पाहिलं. हे जुनं तंत्र मध्यंतरी अडगळीत गेलं होतं. २०१९ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात 'अँड्रोमेडा-शॉक' अभ्यास आला. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत २८ अतिदक्षता विभाग, जंतुसंसर्गानं शॉकमध्ये गेलेले ४२४ रुग्ण. निम्म्यांचे उपचार रक्तातल्या लॅक्टेटच्या आकड्यावर ठरवले, निम्म्यांचे बोटाचा रंग परत येण्यावर. काचेची पट्टी दहा सेकंद दाबायची, तीन सेकंदांत रंग आला पाहिजे. बोट पाहून उपचार केलेल्यांत २८ दिवसांत ३४.९ टक्के दगावले, लॅक्टेट पाहून केलेल्यांत ४३.४ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक थोडक्यासाठी उतरला नाही, म्हणून बोटानं लॅक्टेटला हरवलं असं म्हणता येत नाही. पण जिथे रात्री लॅक्टेट मोजायची सोयच नाही, तिथल्या डॉक्टरला बोट पुरतं, एवढं मी त्यातून घेतलं. आमचा शॉक वेगळ्या कारणाचा, हे मान्य. तरी गार पाय दोन्हीकडे खोटं बोलत नाहीत.

दुपारी चारला तळपाय कोमट. रात्री मास्क काढला.

११ मे, रविवार

इकोत मुलाचं हृदय जवळपास पूर्ववत. विंचवाच्या रुग्णांचं हे मला दर वेळी नवल वाटतं: तीन रात्रींपूर्वी हलायला तयार नसलेलं हृदय, आज कोणाला सांगूनही पटणार नाही. स्नायू मेलेला नसतो, सुन्न झालेला असतो. म्हणूनच ते पहिले बारा-चोवीस तास कसेही करून निभावून न्यायचे.

१४ मे, बुधवार

नव्या रेसिडेंटनं विचारलं, प्राझोसिन हे औषध विंचवावर कुणी काढलं? मला वाटलं होतं, कोकणात काम करणाऱ्याला हे ठाऊक असेल.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालन्याकडचे. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झाले. विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत जात होती, आणि पुस्तकात त्याबद्दल धड काही नव्हतं. ते रुग्णांपाशी रात्र-रात्र बसून लिहीत राहिले: किती वाजता घाम, किती वाजता रक्तदाब, किती वाजता धाप. त्यातून १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये पूर्वलक्षणांचा लेख आला आणि १९८६ साली प्राझोसिनचा. ही तेव्हा रक्तदाबावरची साधी गोळी होती. त्याआधी ॲट्रोपिन, स्टेरॉइड, झोपेची इंजेक्शनं असं काहीही दिलं जाई. त्यातलं बरंचसं निरुपयोगी होतं, काही तर घातक. प्राझोसिनआधी गंभीर रुग्णांतले चाळीस टक्क्यांच्या आसपास दगावत, नंतर ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचं नाव पुढच्या अनेक शोधनिबंधांवर सोबत आहे. पद्मश्री मिळायला २०२२ साल उजाडलं.

अतिदक्षतेतलं संशोधन म्हटलं की आपल्याला मोठ्या शहरातली प्रयोगशाळा दिसते. यात लागलं ते रक्तदाबाचं यंत्र, घड्याळ, वही आणि खाटेपाशी बसून राहण्याची तयारी. रेसिडेंटला म्हटलं, तुझ्या नोट्समध्ये वेळ लिहीत जा. परवाच्या कागदावर 'रात्री पेशंट पाहिला' असं होतं.

१९ मे, सोमवार

प्रतिविषाचा वाद पुन्हा निघाला. आमचे एक सहकारी म्हणतात, गोळी विष काढत नाही, मग प्रतिविष का नको?

पुरावा दोन्ही बाजूंना ओढतो. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवरचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला: सरसकट प्रतिविष देऊन काही फायदा नाही. पण त्यातल्या बहुतेकांना विष अंगभर भिनलंच नव्हतं. ज्याला गरज नाही त्याला दिलं तर फायदा दिसेल कुठून? २००९ साली ॲरिझोनातल्या १५ मुलांवर अगदी उलटं दिसलं. प्रतिविष मिळालेली आठच्या आठ मुलं चार तासांत सावरली, न मिळालेल्या सातांतलं एक. तिथला विंचू मात्र वेगळा, त्याचा मारा मुख्यतः स्नायूंवर आणि नजरेवर. मग राहिला आपल्याच लाल विंचवावरचा अभ्यास, तोही बावस्कर दांपत्याचाच. 'बीएमजे', २०११, महाड, ७० रुग्ण. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना सोबत हाफकिनचं प्रतिविष. दोन्ही मिळालेले सरासरी ८ तासांत बरे झाले, नुसत्या गोळीवरचे १७.७ तासांत. ज्यांनी प्राझोसिन रुजवलं त्यांनीच त्यात भर घालायचा प्रयोग करावा, हे मला आवडलं. पण ते रुग्ण फुप्फुसात पाणी व्हायच्या आधी पोहोचलेले होते, आणि जीव वाचतात का हे ७० माणसांत कळणं शक्य नव्हतं.

म्हणून माझं मत असं: लवकर आला आणि कुप्या हाताशी असतील तर प्रतिविष द्यावं, रिॲक्शनची तयारी ठेवून. कुप्या शोधण्यात गोळी अडवू नये. लांज्याच्या मुलासारखा हृदय थकल्यावर आला, तर विष आपलं काम करून मोकळं झालेलं असतं. तिथे मास्क आणि डोब्युटामिन. सहकाऱ्यांना हे अर्धंच पटलं.

२७ मे, मंगळवार

पावसानं यंदा मे महिनाही पुरा होऊ दिला नाही. रविवारीच मोसमी वारे कोकणात आले. उरलेला आंबा गेला. गडग्यांच्या भेगांत पाणी शिरलं की विंचू कोरड्यात, म्हणजे घरात येतात.

दुपारी आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांशी बोलायचं होतं. बरेच जण पंचविशीचे, कोकणात पहिलाच पावसाळा. घाम आणि गार पाय दिसले की संदर्भचिठ्ठी लिहिण्याआधी गोळी तोंडात, एवढं ठासून सांगितलं. गोळीनंतर रुग्ण आडवाच राहिला पाहिजे. रक्तदाब उतरलेलं मूल आईनं कडेवर उचललं की तिथेच मान टाकतं, आणि आई तर उचलणारच. तिला आधी सांगायला हवं. ओकारी-घामानं पाणी गेलेलं असतं, शुद्धीत असेल तर घोट घोट पाजत राहा.

एका मुलीनं पर्समधून औषधाची पट्टी काढून दाखवली. प्राझोसिनच, पण सावकाश विरघळणारी, दिवसभर पुरवून पुरवून औषध सोडणारी. बाजारात बहुतेक हीच मिळते, रक्तदाबाच्या रुग्णांसाठी. विंचवाला ती चालत नाही: औषध तासाभरात हवं असतं, आणि तोडून दिली तर किती मात्रा कधी सुटेल याचा भरवसा नाही. साधी १ मिलिग्रॅमची गोळी मागवावी लागते, आणि ती इतकी स्वस्त की दुकानदाराला ठेवण्यात रस नसतो. कोणाकोणाकडे साधी आहे, विचारलं. हात थोडेच वर आले. बाकीच्यांच्या केंद्रांची नावं लिहून घेतली. आमच्या फार्मसीतून उद्या प्रत्येकी दोन पट्ट्या जातील, जूनचा साठा येईपर्यंत.