काडी आणि नळी

सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब मागितली की दुकानदार विचारतो, किती सायकलींसाठी? खेळणी करणाऱ्याला ती हातभर हवी असते. कशाला, ते सांगत बसण्यापेक्षा दुकानदारासमोरच त्रिकोण करून दाखवलेला बरा.

नळीचा दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा, गुल खरवडलेल्या दोन काड्या दोन बाजूंनी खुपसायच्या. झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण कोपऱ्यात कितीही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र बोट लागताच कलतो आणि त्याचा समभुज चौकोन होतो. त्याला ताठ करायला मूल कर्णावर काडी घालू बघतं आणि ती तोकडी पडते. मग खराट्याचा हीर मोडून आणला जातो. बाजूच्या जवळजवळ दीडपट लांबी लागते, हे पायथागोरसचं नाव ऐकण्याआधीच हाताला कळलेलं असतं.

काडी-नळीची ही युक्ती अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरहून इंजिनिअर झालेला हा माणूस पुण्यात, ट्रक बनवणाऱ्या टेल्कोत नोकरीला होता. 1978 मध्ये रजा घेऊन तो मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला. 1972 साली 16 शाळांमध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात मुलं प्रयोग करून विज्ञान शिकत. प्रयोगशाळा नव्हत्या, फूल उलगडून बघायला सुईऐवजी बाभळीचा काटा चाले. नळीच्या सांध्याला मधोमध भोक पाडून तिसरी काडी बसवायलाही तोच काटा उपयोगी पडतो. असे तीन सांधे आणि वर एक जोड, की सहा काड्यांचा चतुष्फलक उभा.

याला जुगाड म्हणतात तेव्हा थोडा रागच येतो. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. इथे रबराचा लिबलिबीतपणाच कामाचा आहे. मेकॅनोच्या पट्ट्यांचे स्क्रू घट्ट आवळले तर चौरससुद्धा ताठ उभा राहतो आणि त्रिकोणाचं वेगळेपण झाकलं जातं. महागडा सांधा इथे कमी शिकवतो.

विजेच्या छोट्या मोटारीचंही तसंच. दीड व्होल्टचा सेल, त्याच्या दोन टोकांना सायकल ट्यूबच्या पट्टीने दाबून धरलेल्या दोन सेफ्टी पिना, वर चकतीचं चुंबक, आणि पिनांच्या भोकांत तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेच्या टोकांवरचं इनॅमल तीन बाजूंनी खरवडायचं, चौथी बाजू तशीच ठेवायची. खरं कौशल्य एवढंच. उत्साहाच्या भरात सगळीकडून खरवडलं की वेटोळं नुसतं डुगडुगतं: अर्ध्या फेरीत पुढे ढकललं जातं, उरलेल्या अर्ध्यात मागे ओढलं जातं. चौथ्या बाजूचं आवरण नेमकं त्या वेळी प्रवाह तोडतं. मोठ्या मोटारीतल्या कॉम्युटेटरचं काम इथे न खरवडलेला रंग करतो.

2003 पासून गुप्ता पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात दशकभर होते. त्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’: सप्तर्षींमधला तारा, आणि पुलंची, म्हणजे लेखक पु. ल. देशपांड्यांची आठवणही.

सगळंच अजून सहज मिळतं असं नाही. गिअरच्या सायकलींना व्हॉल्व्ह वेगळा असतो, त्यात ही नळी नसते. मेणकाड्या तर सांध्यात खुपसतानाच वाकतात. आणि वर्गात एखादं मूल तार चारही बाजूंनी लख्ख खरवडून आणतंच. तेव्हा दोन फेरे उलगडायचे, नवी टोकं काढायची आणि ब्लेड पुन्हा त्याच्याच हातात द्यायचं.