जखम नव्हे, नजर

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं कौतुक बहुधा जखमेच्या लांबीवरून होतं. पित्ताशय काढताना ते ठीक आहे. पण स्टोमा करायचा म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर आणून ठेवायचं, तेव्हा भोक पडणारच. इथे दुर्बिणीची खरी कमाई नजर ही आहे. गुदाशयाच्या कर्करोगाने वाट अडली की सिग्मॉइडचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या गुदाशयाआधीच्या भागाचा, वेढा बाहेर काढतात. छोट्या छेदातून बोटाने चाचपून ओढलेला वेढा नेमका तोच आहे का, त्याला पीळ बसलाय का, त्याची जठराकडची बाजू कोणती, हे ओळखताना अनुभवी हातही फसू शकतो. एकतोंडी स्टोमात भलतं टोक बाहेर आलं आणि जठराकडचं शिवलं गेलं, तर मळ गोळा करायला स्टोमावर चिकटवलेली पिशवी कोरडी राहते आणि पोट फुगत जातं. कॅमेरा आत असला की आतड्याचा माग काढता येतो, ठरलेल्या छेदातून वेढा बाहेर येताना पीळ दिसतो, शिवाय यकृतावर किंवा पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलेल्या गाठीही नजरेस पडतात.

यावर आक्षेप येतो, की हेच काम कमी खर्चात, कमरेत भूल देऊन, एका छोट्या छेदातून होतं. होतं, आणि काहींसाठी तेच योग्य. सडपातळ, आधी पोट न उघडलेला, पण हृदय-फुप्फुसं कमजोर असलेला रुग्ण दुर्बिणीसाठी पोटात भरायचा गॅस आणि पूर्ण भूल सोसेलच असं नाही. आतडी तट्ट फुगलेली असतील तर कॅमेऱ्याला जागाच उरत नाही. तिथे पोट उघडण्यात कमीपणा नाही. पण पोट जाड असेल, सिग्मॉइड आखूड असेल किंवा आजाराचा पसारा अजून पाहायचा असेल, तर न बघता ओढण्यातली काटकसर महागात पडू शकते.

तरीही ही नजर आतलीच. स्टोमा कुठे असावा, हे शस्त्रक्रियेआधी रुग्णाला बसवून, वाकवून, उभं करून ठरतं. परकराची नाडी कुठे बांधता, मांडी घालून बसल्यावर घडी कुठे पडते, ती जागा स्वतःला दिसते का, हे विचारून मार्करने खूण करायची. गॅसने फुगलेल्या पोटावर ती करून चालत नाही. गॅस सोडला की जागा सरकते. इलिओस्टोमीचं, म्हणजे लहान आतड्याच्या स्टोमाचं, तोंड बाहेर उलटवून दोन-अडीच सेंटिमीटर वर ठेवायचं, ही ब्रायन ब्रूक यांनी 1952 मध्ये मांडलेली पद्धतही हातानेच करायची. ते सपाट राहिलं तर पाचक रस पिशवीखाली झिरपून कातडी सोलवटते. रुग्णाच्या लेखी शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, हे पिशवी दिवसभर नीट चिकटून राहते का यावरून ठरतं. म्हणून दुर्बीण उपलब्ध आणि रुग्णाला झेपणारी असेल तर मी ती जरूर घेईन. पण घाईत एकच गोष्ट जमणार असेल, तर आधी खूण करेन.