माळवदातलं भोक

गुडघा गेला तशी शिडी सुटली. या पावसाळ्यापासून वर भाची चढते आणि मी खाली चुलीपाशी बसून ओरडते. ओरडायला विषय एकच, पाइप कुठून काढायचा.

चूल घालणं आमच्या पाली गावातल्या कुठल्याही सासूला येतं. माझी पस्तीस वर्षं गेली ती धूर घराबाहेर काढण्यात. आमच्याकडं अजून माळवदं आहेत. वर पांढरीचा थर, खाली किलचन, त्याखाली सर. पाइप सरळ वर नेला तर धूर नुसता पळतो. पण तो दोन सरांच्या नेमका मधून गेला पाहिजे. वीतभर सरकला की लाकूड शेकत राहतं, आणि वर्षानुवर्षं शेकलेलं लाकूड एखाद्या रात्री काही निमित्त नसताना धुमसायला लागतं. बरं, भोक नीट पडलं तरी मृगाच्या पहिल्या पावसाला घरची बाई दारात हजर. "अक्का, तुमची चूल गळायलीय." गळतंय माळवद, नाव चुलीचं. लोक सिमेंट थापतात. पाइप तापतो, निवतो, सिमेंट तडकतं. मी फुटक्या माठाचा गळा पाइपात ओवायची, गळा वर, खांदा खाली, आणि भोवती पांढरी चोपायची. दहातली सात घरं कोरडी राहायची. उरलेल्या तीन घरांवरून मी कधी मान वर करून गेले नाही.

म्हणून भिंतीतून काढायचा, तर बेंड आला. बेंडात धूर रेंगाळतो, काजळी धरते. पऱ्हाट्या-तुराट्या जाळणाऱ्या घरात तर बघायलाच नको. शिवाय भिंतीबाहेरचा पाइप पौषात गार पडतो, पहाटे पेटवली की धूर उलटा घरात. आधी पाइपाच्या बुडाशी मूठभर पाचट पेटवून तो तापवून घ्यायचा, हे मी घरोघर सांगितलं. करतंय कोण?

आमचं बीड हैदराबाद राज्यात होतं तेव्हा, १९५३ साली, हैदराबादच्याच डॉ. एस. पी. राजूंनी निर्धूर चुलीवर पुस्तक लिहिलं होतं. मला ती चूल भेटली सरकारी कार्यक्रमातून. १९८३ला सुरू झालेला तो कार्यक्रम २००२च्या सुमाराला मिटला. लक्ष्मी चुलीचा साचा आणि सिमेंटचा पाइप मिळायचा. पाइप ॲस्बेस्टॉसचा. करवतीनं कापताना पांढरी भुकटी उडायची, ती आम्ही तोंडानं फुंकायचो. ती छातीत काय करते ते फार उशिरा कळलं. आता पत्र्याच्या तयार चुली येतात. आणणारा माणूस छताकडं मान वर करून बघतसुद्धा नाही. पाइप खिडकीतून हातभर बाहेर काढला, फोटो घेतला, गेला. २०१६नंतर उज्ज्वलाचे सिलिंडरही आले. त्यावर चहा होतो. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच.

एक घर मात्र मला अजून छळतं. ऊसतोडीचं घर, दसरा झाला की कुलूप, पाडव्याच्या आगेमागे परत. रस्त्याच्या बाजूला शेजाऱ्याचा दुमजली स्लॅब. पाइप मागं, मोकळ्यात काढायला जागा होती. मी पुढं काढला, स्लॅबच्या भिंतीला खेटून. का, तर मांजरसुंब्याकडं जाणाऱ्या गाडीतून माझ्या पाइपाची टोपी दिसावी! आषाढात वारा त्या भिंतीवर आपटून थेट पाइपात उतरायचा. मी त्या घरच्या सुनेलाच बोलले, लाकडं ओली घालतेस म्हणून. तिनं ऐकून घेतलं. पुढच्या पाडव्याला कुलूप काढून चूल पेटवली तर खोली धुरानं गच्च. बेंडात चिमण्यांनी काड्या भरलेल्या. बेंड उघडायला झाकण नाही. बेंडाऐवजी बसतो तो झाकणाचा टी मला माहीत होता. चार पैसे जास्त पडतात हे कारण मी सगळ्यांना सांगायची; खरं म्हणजे तो लोंबणारा बुडखा मला ओंगळ वाटायचा.

त्या सुनेच्या नवऱ्यानं पाइप उपटला आणि पाटावर पाणी वळवायला नेला.

भाची बेंड वापरतच नाही. सरसकट टी, खाली झाकण. "मावशी, झाडायला तू चढणार आहेस का?" म्हणते. दिसायला वाईटच दिसतो. गेल्या महिन्यात त्याच घरी तिनं नवी चूल घातली. पाइप मागच्या अंगाला, कठड्याच्या वर दोन हात. मी खाली तुराट्या पेटवल्या, वैलातला धूर सर्रकन ओढला गेला. तीच सून, आता तिचीही सून आलेली, भाकरी थापायला बसली. माझ्याशी त्या जुन्या गोष्टीबद्दल काही बोलली नाही.

मी लंगडत डांबरी रस्त्यापर्यंत गेले. तिथून वळून पाहिलं. स्लॅब दिसला, टाकी दिसली, टोपी काही दिसेना.

परत आले तोवर भाची शिडी उचलत होती. "हातभर वाढवला असतास तर," मी म्हटलं.

"ओढतोय की चांगला. कशाला?"

"वाऱ्याला," मी म्हटलं.