रिकाम्या हातांनी समुद्रात

अंदमानला जाऊन आलेल्या कुठल्याही मैत्रिणीला विचारा, "काय काय पाहिलंस गं?" उत्तर ठरलेलं असतं. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, रात्रीचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आणि किनाऱ्यावरचे फोटो. ते पाहायलाच हवं. १९११ साली सावरकरांना जिथे नेलं, तिथे मराठी माणूस हात जोडल्याशिवाय पुढे सरकत नाही. पण ज्याला 'काळं पाणी' म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या घाबरलो, त्या पाण्याच्या पोटात काय आहे हे पाहून येणाऱ्या आपल्यातल्या बायका थोड्याच. यजमान उतरतात, मुलं उतरतात आणि आपण वाळूत बसून चपला, चष्मे नि टॉवेल सांभाळतो. आज मात्र मी तुम्हांला पाण्याखाली घेऊन जाणार आहे. पर्स दुसऱ्या कुणाकडे तरी द्या बघू!

२०२४ साली पोर्ट ब्लेअरचं नाव श्रीविजयपुरम झालं. तिथून बोटीने दीड-अडीच तासांत हॅवलॉक बेट येतं. याचंही नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पण बोलताना सगळे हॅवलॉकच म्हणतात. बेटावरच्या गावांची नावं ऐकून गंमत वाटते : गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची ही वस्ती, म्हणून बाजारात बंगाली कानांवर पडतं. सूर्य पहाटे पाचच्या सुमारास उगवतो नि हिवाळ्यात साडेपाचलाच अंधारू लागतं, तेव्हा इथे उशिरा उठणाऱ्याचा निम्मा दिवस बुडाला म्हणून समजा.

"पण मला पोहता येत नाही!" तुमचं पहिलं वाक्य हेच असणार. मैत्रिणींनो, पहिल्यांदा उतरणाऱ्याला तिथे पोहता यावंच लागतं असं नाही. प्रत्येकाबरोबर एक शिक्षक असतो आणि तो आपल्याला क्षणभरही सोडत नाही. दुसरी अडचण कपड्यांची. तीही नको. अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख मानेपासून पायांपर्यंत झाकतो. तो चढवताना मात्र उशी मोठी नि अभ्रा लहान असं होतं खरं!

पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो अशी पुष्कळांची समजूत आहे. तसं नव्हे. त्यात आपली रोजचीच हवा गाळून, दाबून भरलेली असते. लागेल तेवढीच हवा तोंडात सोडणारं यंत्र फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी १९४३ साली तयार केलं, आणि माणसाला पाण्याखाली सुखाने श्वास घेता येऊ लागला.

आधी कमरेइतक्या पाण्यात सराव होतो. पहिला नियम : श्वास कधीही रोखून धरायचा नाही. का, ते समजून घ्या. दहा मीटर खोल पाण्यात दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. श्वास रोखला, तर ती फुग्यासारखी फुगून फुप्फुसाला इजा करते. सावकाश घेत राहा, सोडत राहा. प्राणायाम करणारीला हे जड जात नाही. दुसरा नियम कानांचा. खाली जाताना कानांत दडा बसतो, तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच हवा कानांकडे ढकलायची. आणि खुणा! आपण 'छान' म्हणून अंगठा वर करतो ना, त्याचा पाण्याखाली अर्थ 'मला वर न्या' असा होतो. 'ठीक आहे' म्हणायला अंगठा नि तर्जनी जुळवून गोल करायचा.

आमच्या बोटीवरच्या एका गृहस्थांनी मध्येच शिक्षकाला विचारलं, "भाला मिळतो का हो? सिनेमात दाखवतात तसा मासा टिपता येईल?" शिक्षक हसून म्हणाला, "दादा, हात रिकामे ठेवा. कशालाही लावू नका. बस्स, बघा!"

आणि मी बघितलं. पाणी डोक्यावर आलं तेव्हा छातीत धडधड होत होती, खोटं कशाला सांगू? मग स्वतःच्याच श्वासाचा आवाज ऐकू येऊ लागला, बुडबुड्यांसकट, संथ. तो सोडला तर सगळं शांत. तिथे कुणी "आई!" म्हणून हाक मारू शकत नाही, "माझा रुमाल कुठाय?" विचारू शकत नाही. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत अर्धा तास मला कुणीच हाक मारली नाही असं घडल्याचं आठवत नाही. एकटेपणा वाटला का? छे! अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून ठेवावं, तसं वाटलं.

प्रवाळाच्या एका खडकावर समुद्रफुलाच्या झुबक्यात केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे लपाछपी खेळत होते. सिनेमामुळे मुलं त्यांना 'नीमो' म्हणून ओळखतात. यांच्या घरात सगळ्यांत मोठी असते ती मादी, आणि राज्य तिचं! ती गेली, तर तिचा जोडीदारच मादी होतो आणि कारभार हाती घेतो. ह्यांना हे वर आल्यावर सांगितलं, तर बराच वेळ बोलले नाहीत.

पुढे पोपटमासे दिसले. पोपटासारख्या चोचीने ते प्रवाळाचा खडक कुरतडतात, त्यावरचं शेवाळ खातात नि दगडाचं पीठ करून मागे टाकतात. प्रवाळाच्या बेटांवरची पांढरीशुभ्र वाळू बरीचशी या माशांच्या पोटातल्या जात्यातून निघालेली असते. शेवाळ खरवडलं गेलं म्हणजे नव्या प्रवाळाला रुजायला जागा मिळते. म्हणजे झाडलोट, दळण, सगळं यांच्याकडे.

आता भाल्याची गोष्ट. आम्ही मासे खाणारी माणसं. कोळणीशी घासाघीस केल्याशिवाय माझा रविवार उजाडत नाही. तेव्हा मासे मारण्याला माझा विरोध असायचं कारण नाही. पण गळाला काय लागेल ते आपल्या हाती नसतं. भालेवाला निवडून मारतो, आणि निवडतो सगळ्यांत मोठा. आपल्या हेकरूसारख्या कितीतरी माशांत लहान असताना सगळ्या माद्या असतात, वय वाढलं की त्यांतले काही नर होतात. मोठे तेवढे टिपत गेलं, तर नरच उरत नाहीत आणि पुढची वीण खुंटते. पोपटमासे तर रात्री कपारीत निजतात. विजेरी घेऊन गेलेल्याला ते आयतेच सापडतात.

हे शहाणपण भालेवाल्यांनाच आधी आलं. ऑस्ट्रियाचा हान्स हास तरुणपणी भाल्याने मासे मारायचा. १९३९ साली तो कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर वगैरे बेटांवर गेला आणि पुढे भाल्यापेक्षा कॅमेराच त्याला प्यारा झाला. त्याच बोनेर बेटाने १९७१ साली भाल्याने मासे मारण्यावर बंदी घातली. आज लोक तिथे जिवंत मासे पाहायला लांबून येतात. आणि हासच्या कचेरीत सेक्रेटरी असलेली लोटे? मोहिमेवर बाई नको, असं त्याचं म्हणणं होतं. तिने हट्ट सोडला नाही. तांबड्या समुद्रातल्या त्यांच्या १९५१ च्या चित्रपटात लोकांनी पाहिली ती लोटेच, माशांमध्ये मोकळी पोहणारी. तोवर ती त्याची पत्नीही झाली होती!

पण नुसता भाला टाकून भागत नाही. पोवळं आपल्याला ठाऊक असतं ते मंगळाच्या अंगठीतलं. ते वेगळ्या जातीचं, बहुतेक भूमध्य समुद्रातलं. इथलं प्रवाळ म्हणजे इवल्या जिवांनी बांधलेली चाळ. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्यांना अन्न पुरवतं नि रंग देतं. पाणी फार तापलं की हे बिऱ्हाड मोडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. २०१० साली आणि पुन्हा २०१६ साली अंदमानात असं झालं. मलाही एका बाजूला राखेच्या रंगाचा, ओका खडक दिसला. त्याच्यावर मात्र बोटाच्या पेराएवढ्या नव्या जांभळ्या फांद्या फुटल्या होत्या. शिक्षकाने दुरूनच बोट दाखवलं. हात लावू नका असं तो का म्हणाला, ते तिथे कळलं. चुकून लागलेला एक पाय अशी कोवळी फांदी मोडतो, आणि ती इतकी वाढायला वर्षं लागतात.

जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा :

सर्दी असेल तर उतरू नका, कान दुखतात. दमा, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दिवस गेले असतील तर मुळीच नको. आधी भरायच्या कागदावर सगळं खरं लिहा. तिथे लपवाछपवी जिवावर बेतते.

पाण्याखाली गेल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही. म्हणून हा कार्यक्रम परतीच्या दिवशी ठेवू नका.

मंगळसूत्र, बांगड्या, कुड्या खोलीतच काढून ठेवा.

किनाऱ्यावर पडलेलं प्रवाळ मुलांच्या शाळेसाठी म्हणूनसुद्धा उचलू नका. वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे आणि विमानतळावर पिशव्या तपासतात. काही शंखांनाही तोच नियम आहे.

मग आठवण म्हणून आणायचं काय? मी काही आणलं नाही. शेजारणींनी विचारलं, तेव्हा त्या जांभळ्या फांद्यांचं सांगितलं. त्यांतल्या दोघी पुढच्या जानेवारीत निघाल्या आहेत, आणि चपला सांभाळायला नवऱ्यांना बसवणार आहेत.