साताऱ्याची शाळा आणि मोबाईलमधला वाडा

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीच्या गावी जाण्याचा योग आला. वाटेत साताऱ्यास उतरलो. प्रतापसिंह हायस्कूल पाहिल्याशिवाय पुढे जाणे मनाला पटेना. ही शाळा राजवाड्यात भरत असताना, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, इंग्रजी पहिलीत 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव दाखल झाले. रजिस्टरमधील क्रमांक १९१४. नाव लागले, पण बसायला घरचे गोणपाट, आणि शिपाई असेल तरच पाणी! २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मी कारकून माणूस. एका नोंदीची ताकद मला ठाऊक आहे.

तेथून एस.टी.ने बहिणीचे गाव गाठले. फाट्यावर उतरून वाटेसाठी मोबाईलचा नकाशा उघडला. वस्तीच्या कमानीवर 'समतानगर', आणि नकाशात मात्र जुने, जातीचे नाव! वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. इथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला, रंगाऱ्याने कमान रंगविली. नकाशाला कोणी कळविलेच नाही.

भाची सातवीत आहे. वर्गात सगळी मुले शेजारी शेजारी बसतात, खिचडी एका पंगतीत खातात. गोणपाटाचे दिवस गेले, हे मान्य केलेच पाहिजे. पण एके दिवशी गुरुजींनी पडद्यावर गावाचा नकाशा लावून प्रत्येकाला आपले घर दाखवायला सांगितले. हेतू चांगलाच होता. हिची पाळी आली, तेव्हा ते नाव भल्या मोठ्या अक्षरांत समोर.

"मग तू काय केलंस?"

"घर सापडत नाही म्हटलं, मामा. आणि जागेवर बसले."

कोणी विचारील, शाळेच्या दाखल्यात जात चालते, मग नकाशातच का खुपते? बंधुभगिनींनो, दाखल्यातला रकाना शिष्यवृत्ती मिळवून देतो, तो हक्काचा आहे. नकाशातले नाव कोणाला काय मिळवून देते?

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघे मोबाईल घेऊन बसलो. नकाशात बदल सुचविण्याची सोय असते, हे तिलाच माहीत होते. 'समतानगर' जोडून लिहायचे की तोडून, यावर दहा मिनिटे वाद झाला. शेवटी कमानीचा फोटो जोडून पाठविले.

सकाळी फाट्यावर एस.टी.ची वाट पाहताना पुन्हा उघडून पाहिले. नाव जुनेच. भाची म्हणाली, "मामा, घरी पोचलात की मामीच्या फोनवरूनही पाठवा. जोडून लिहा."